मागच्या खोलीची किल्ली

४ जानेवारी

चि. ठमीस,
इंजिनखोलीतल्या तेलकट हातांनी दादाचे अ. उ. आ.

बोट बंदराला लागली तेव्हा तुझं पत्र आणि फोटो मिळाला. देशोदेशी जमवलेला माझा खजिना दाखवतो, असं मी कॅप्टनला फुशारकीने सांगून ठेवलं होतं. दाखवला नाही. फोटोत तू छान हसते आहेस, पण तुझ्यामागच्या फळीकडे बघ. माकडाचा मुखवटा गायब. दोन लाकडी बाहुल्या नाहीत, मिठाचा कोरीव डबा नाही. मातीच्या शिट्ट्या आणि चिंध्यांच्या बाहुल्या मात्र जागच्या जागी. चोराला पारख आहे, ठमे. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक मिळतं, मातीला कोण विचारतो?

मी कुणाचं नाव घेत नाही. पण मागच्या खोलीची किल्ली तुम्हा दोघांच्याच हाताला असते, आणि तू तर तिथली धूळसुद्धा मला विचारल्याशिवाय झटकत नाहीस. उरले जावईबापू. त्यांना विचारून बघ. नको, विचारू नकोस, नुसतं लक्ष ठेव.

मागच्या खेपेला पाठवलेला भोकाभोकांचा मुखवटा तरी शाबूत आहे ना? ती भोकं मेणाबिणाने बुजवू नकोस हो. किडीने खाल्लेलं असणं हीच जुनेपणाची खूण, म्हणून तर इतकी घासाघीस करून घेतला. जावईबापूंना नमस्कार. मायेत खंड नसावा.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. यांनी आजवर कधी माझ्या नावाचं पाकीट फोडलं नाही. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर कुडकुडायचं, घरी येऊन जेवायचं आणि पेपर तोंडावर घेऊन घोरायचं, एवढाच माझ्या नवऱ्याचा संसारातला उद्योग. अशा माणसावर पाळत ठेवायची म्हणजे मलाच हसू येत होतं.

पण ठेवली, आणि हसू पळालं. रविवारी केस कापून येतो म्हणाले आणि हातात घेतली ती प्रवासाची मोठी बॅग. परत आले तेव्हा केस होते तेवढेच. विचारलं तर म्हणाले, दुकानात गर्दी होती. संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले तर माकडाचा मुखवटा फळीवर हजर, आणि हात लावला तर बर्फासारखा गार. तुझा भोकांचा मुखवटाही त्याच्याशेजारी आहे, पण घोडेस्वाराची छोटी मूर्ती नाही. आणि दादा, मोठ्या लाकडी घोड्याच्या पायाशी पिठासारखा भुसा पडला होता. माझ्या पाठीमागे सुतार आणून बसवतात की काय?

चहाचा कप पुढे करताना मी आता यांच्या बोटांकडे बघते. कुणाला सांगायची सोय नाही. खरी वस्तू आणि नक्कल कशी ओळखायची ते कळव, आणि माझी काळजी असू दे.

तुझी ठमी


२० फेब्रुवारी

चि. ठमीस,
खवळलेल्या समुद्रातून, तितक्याच खवळलेल्या दादाचे आशीर्वाद.

आणखी काय पुरावा हवा? भुसा म्हणजे करवत. खऱ्या वस्तू बाहेर जातात, नकला फळीवर येतात, आणि तू बसलीस मुखवट्याला हात लावून गार की गरम बघत. किल्ली काढून घे. वर नवं कुलूप घाल. मी येईपर्यंत खोलीत कुणी जायचं नाही, तूसुद्धा नाही. कारण सांगू नकोस, ज्याला समजायचं त्याला समजेल. या खेपेला नमस्कार फक्त तुझ्यापुरता.

तुझा दादा


११ जून

ती. दादास,
शि. सा. न.

किल्ली मागितली तेव्हा यांनी मुकाट्याने दिली. दादाने सांगितलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. आठवड्याने म्हणाले की खोली एकदाच उघड, घोडा तेवढा राहिलाय. मला वाटलं, बघा, अजून हाव सुटत नाही. नाही म्हटलं.

काल दाराच्या फटीतून भुसा बाहेर आलेला दिसला म्हणून कुलूप काढलं. घोड्याच्या मानेला धरलं तर मान हातात आली. आत लाकूड नव्हतंच, नुसतं पीठ. मी यांना हाका मारत सुटले.

मग सगळं कळलं. तुझ्या भोकांच्या मुखवट्यात कीड जिवंत होती. ती भोकं जुनी नव्हती, दादा, रोज नवी पडत होती, आणि तिथून अळी साऱ्या लाकडात शिरली. गोठवलं की ती मरते, हे यांना ठाऊक. म्हणून मॅनेजरला विचारून एकेक वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून आणत होते. घोड्याला टेम्पो लागणार म्हणून तो शेवटी ठेवलेला. यांनी नेऊन आणलेली प्रत्येक वस्तू धडधाकट आहे. मी कुलपात जपलेला घोडा गेला. मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, तू दादाला कळवल्याशिवाय राहिली नसतीस, आणि त्याच्या लाडक्या मुखवट्याने घात केला हे कळून तो समुद्रात बसून नुसता जीव जाळत बसला असता.

मी फार रडले. किल्ली परत यांच्या हातात ठेवली, यांनी ती टेबलावर ठेवली आणि कामाला गेले. रागावले असते, टोमणा मारला असता, तर मी भांडले असते, पाया पडले असते. तसं काही नाही, बोलणं पूर्वीसारखंच शांत आहे. फक्त आज सकाळी स्वतःचा शर्ट काढायला कपाटापाशी थांबले आणि मला हाक मारून विचारलं, उघडू का म्हणून.

लोभ असावा, हे या वेळी मला लिहू नकोस. यांना लिही.

तुझी ठमी