तनूच्या पायाखालचं पेडल

१० नोव्हेंबर, सोमवार

"अक्का, माझ्याशी हळू नको बोलू. मला दिसत न्हाई, ऐकायला येतं!"

माझ्या धाकट्या बहिणीचे, तनुजाचे डोळे पुरते गेले त्या वर्षी ती असं म्हणाली होती. जेमतेम कॉलेजात जायला लागलेली. घरात सगळे तिच्याशी एकेक शब्द तोडून बोलायचे, मीसुद्धा. ती चिडली आणि मग स्वतःच हसली. आज नांदेडहून तिचा फोन आला आणि हे वाक्य आठवलं. आज तीच हळू बोलत होती.

तिच्या कॉम्प्युटरची सिस्टिम नवी केली. यंत्र तेच, आतलं नवं. तिला काम देणाऱ्या ऑफिसनेच सांगितलं होतं — आमच्या फाइली आता जुन्या सिस्टिमवर उघडणार नाहीत, अपडेट करून घ्या. भागवत म्हणून दुरुस्तीवाला आहे, तो करून गेला. फाइली उघडायला लागल्या. पेडल मेलं!

तनू रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. सभा, भाषणं, मुलाखती. पायाखाली पेडल असतं — दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो, टाचेने दाबलं की मागे येतो. हात कीबोर्डवरून उठतच नाहीत. हे काम धरलं तेव्हाचं पेडल आहे ते. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली.

"नवी सिस्टिम त्याला ओळखतच न्हाई अक्का. जिन्याला अजून एक पायरी हाय म्हणून पाय टाकावा अन् ती नसावी, तसं होऊन राहिलं."

"पेडलशिवाय होत नाही का?"

"होतं की. निम्म्या वेगानं. निम्म्या वेगाच्या बाईला कोण काम देतंय?"

शनिवारपर्यंत एका मोठ्या सभेचं काम द्यायचं आहे. नाहीतर ऑफिस दुसरं माणूस बघणार. काम गेलं की नांदेडची खोली गेली. 

११ नोव्हेंबर, मंगळवार

आठवीला सारांशलेखन शिकवलं. निम्मं लक्ष नांदेडला.

मधल्या सुट्टीत भागवतला फोन केला. "मॅडम, नव्यावर इतकं जुनं चालत नसतं. नवीन पेडल घ्या." नवीन पेडल तिच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमला चालत नाही, म्हटलं. "मग प्रोग्रॅम बी नवीन घ्या." हेच तो तनूलाही म्हणाला होता. तिने विचारलं म्हणे, "अन् नवी बोटं? ती कुठं मिळतात?"

मला एवढंच कळत नाही — अपडेट म्हणजे सुधारणा ना? मग जे नीट चाललं होतं तेच कसं बिघडतं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी पंचाक्षरीअण्णा दुकान बंद करून इकडे आला. आमचा मोठा भाऊ. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाला.

"शिवकांता, बास झालं आता. घेऊन ये तिला. हितं उदगिरात तू एकटी, तिथं ती एकटी. कशाला पायजेत दोन दोन गॅस?"

"तिचं काम आहे तिथं, अण्णा."

"पेडल बंद म्हणल्यावर कुठलं काम? मी काय वाईट सांगायलोय का?"

वाईट नाहीच सांगत. ती नांदेडला राहायला गेली तेव्हा सगळ्यात जास्त भांडला हाच, आणि तिची खाट तिसऱ्या मजल्यावर चढवली तीही यानेच. मी "बघू" म्हणाले. तो चहा न घेताच गेला.

आता खरं लिहिते. मला बरं वाटलं! हे गेल्यापासून आणि लेक सृष्टी पुण्याला शिकायला गेल्यापासून या घरात मी टीव्ही बघायला नाही, आवाजासाठी लावते. अण्णा गेल्यावर मागची खोली झाडली. पलंगावर धुतलेली चादर घातली. उशीला अभ्रा घातला. आणि तिथेच बसून राहिले. लाज वाटली — तिच्या पायाखालचं गेलं म्हणून मी उशीला अभ्रा घालते आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रजा टाकली. अहमदपूरला गाडी बदलून दुपारी नांदेड.

तनूने स्वतः चहा केला. मी मदत म्हणून साखरेचा डबा जरा पुढे सरकवला, तर तिचा हात जुन्या जागी रिकाम्या फळीवर जाऊन थांबला. हात तिने तिथेच ठेवला. मी डबा परत ठेवला. मग म्हणाली, "आता कर गप्पा."

कॉम्प्युटरमधला आवाज तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो. जुनाच, रखरखीत, नाकातला. आईचे मामा ईश्वरप्पा तपकीर ओढून असेच बोलायचे, म्हणून आम्ही त्यालाही ईश्वरप्पाच म्हणतो. नव्या सिस्टिममध्ये एक गोड बाईचा आवाज आयता आला आहे. तनूने तो लगेच बंद केला. "लई सावकाश बोलते अक्का. मला लहान पोरगी समजती." ईश्वरप्पा मात्र नव्यावरही चालला. उलट सुधारला! जोडाक्षरांवर अडखळायचा, आता अडखळत नाही. फाइल लांब असली की मध्येच बंद पडायचा, तेही थांबलं.

म्हणजे सगळंच बिघडलेलं नाही. एक जुनं सुधारलं, एक जुनं मेलं. कोणतं कसं, कुणी ठरवलं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे.

सिस्टिमच्या सेटिंगच्या पानांवर ईश्वरप्पा मुका होतो. नुसतं "बटण… बटण…" म्हणतो. म्हणून तिथे माझे डोळे. पडद्यावर सगळं इंग्रजी. मी वाचायचं, तिने सांगायचं, मी दाबायचं. सकाळभर हेच चाललं. पेडल काढलं, लावलं, बंद केलं, चालू केलं. काही नाही. दुपारी ती म्हणाली, अपडेटचं पान उघड.

"सगळं अपडेट आहे, नवीन काही नाही, असं म्हणतंय."

"असंच लिहिलंय, का तू सांगायलीस?"

"अर्थ तोच आहे गं."

"अर्थ नको अक्का. शब्द सांग. वरून खाली, एक बी न सोडता."

"अगं, बाकीचं सगळं इकडचं तिकडचं आहे—"

"मग इकडचं तिकडचंच वाच! सारांश तुझ्या आठवीच्या पोरांना शिकव."

मला राग आला. रागातच वाचायला लागले, एकेक शब्द, तिला चिडवावं म्हणून अगदी ठणठणीत आवाजात. तारीख. वेळ. इतिहास. आणि खाली फिकट अक्षरांत — ऑप्शनल अपडेट्स.

"थांब! हे आधी होतं का?"

होतं. सकाळपासून होतं. माझी नजर त्यावरून दहादा गेली असेल. पोरं परीक्षेत धडा ऑप्शनला टाकतात तसं मी ते टाकून दिलं होतं. ऑप्शनल म्हणजे नसलं तरी चालेल, एवढंच माझ्या डोक्यात. तनूला नजर टाकून पुढे जाता येत नाही. तिला प्रत्येक शब्दातून जावं लागतं. सगळी वर्षं मला ते तिचं कमी पडणं वाटत आलं.

आत गेले. एक लांबलचक इंग्रजी नाव, आणि त्यात पेडलच्या त्या बंद पडलेल्या कंपनीचं नाव.

"परत वाच."

वाचलं.

"अजून एकदा."

त्या नावापुढे खूण केली, बटण दाबलं. पडदा काळा झाला, परत उजळला. ईश्वरप्पा नाकातून बोलला. तनूने चप्पल काढली आणि पाय पेडलवर ठेवला. जरा वेळ दाबलाच नाही.

मग दाबला. कुठल्याशा गावातल्या पाण्याच्या सभेतला एक म्हातारा तावातावाने बोलला — "टाकीची चावी कुणापाशी हाय ते आधी सांगा!" तिने पाय सोडला. म्हातारा गप्प. टाच दाबली. म्हातारा परत तेच. पुढे, थांब, मागे. तो बिचारा चावी विचारत राहिला आणि आम्ही हसत राहिलो. हसता हसता ती रडली. मग मी.

नंतर तिने मला स्टुलावर बसवलं आणि कामाला लागली. बोटं नुसती पळत होती. मी बघत बसले. कुठे असेल हे तिथे ठेवणारा माणूस? कुठल्या देशात? नवी सिस्टिम घडवताना त्याच्या मनात आलं असेल — एवढं जुनं पेडल अजून कुणाच्या तरी पायाखाली असेल. बनवणारी कंपनी नाही, विकणारा नाही, तक्रार करणारंही कुणी नाही. तरी त्याने पेडलची ओळख ठेवली. फिकट अक्षरांत का होईना, ठेवली. त्याला तनू कधी दिसणार नाही, तिला तो कळणार नाही. देवापुढे हात जोडताना नाव लागतं. आज बिननावाचे जोडले.

आणि ती माझ्यावर चिडली, त्यासाठीही जोडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काम वेळेत गेलं. ऑफिसचं उत्तर — "छान. पुढचं सोमवारी पाठवतो." तिने ते ईश्वरप्पाकडून दोनदा वाचून घेतलं!

१६ नोव्हेंबर, रविवार

परत उदगीर. तनू सोडायला नांदेडच्या स्टँडवर आली, काठी टेकत, माझ्या पुढे. गाडी तिलाच आधी कळली.

अण्णाला घरी बोलावून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे येत न्हाई ती?"

"नाही."

"हाव का." मग, "बरं झालं बाई. ती खाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं माझं वय ऱ्हायलं न्हाई." आणि उपरण्याने डोळे पुसले. धुळीने, म्हणाला. बाहेर धूळ नव्हती. असा भाऊ आहे, हेही थोडं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत आज बदल्यांचं निघालं. नांदेड जिल्हा मागता येतो म्हणे. सगळे माना डोलावत होते आणि मी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

इतके दिवस सगळे म्हणत राहिलो, तिला सोबत हवी. तिला नको आहे. मला हवी आहे.

ती नाही म्हणेल. तिचं घर तिच्या हातांना पाठ आहे, त्यात दुसरं माणूस म्हणजे रोज नवी अडचण. नाही म्हणेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून विषय बदलेल. तरी उद्या फोन करणार आहे. फोनवर नीट सांगता यावं म्हणून इथे एकदा बोलून बघते.

तनू, मी तिकडे येऊन राहू का गं? पाहुणी नाही. कायमची.