खात्यात भरू नकोस

ता. ६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

घरी फोन असताना दादाला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. फोनवर आई शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान तिच्या गुडघ्यांपेक्षा बरेच तरुण आहेत. म्हणून हे इस्पितळाच्या धुलाई विभागाच्या पत्त्यावर टाकतोय. तुझ्या मुकादमबाई विचारतील, तर भावाचं आहे म्हणून सांग.

या महिन्यात आईच्या औषधांचे दोन हजार येणार नाहीत. पुढच्या महिन्यातही बहुधा नाहीत. माझ्या खात्यावर बँकेचा एक लाख चाळीस हजारांचा ओव्हरड्राफ्ट आहे, म्हणजे खात्यात नसलेले पैसे मी उचललेत आणि ते व्याजासकट फेडायचेत. गेल्या हंगामात शाळेच्या स्वेटरांसाठी मरून लोकर घेतली, दीडशे किलो. लोकर घरात आली आणि शाळेने गणवेश बदलून हिरवा केला. आता पलंगाखाली, कपाटावर, छकुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली, सगळीकडे मरूनच मरून. एक किलो हिरव्या रंगात बुडवून पाहिली, तर चिखलाचा रंग आला. तुझी वहिनी हसली आणि मग रडली.

बँकेने लेखी कळवलंय, की एकतीस ऑगस्टपर्यंत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर विणायचं मशीन जप्त होईल. ते त्यांच्याकडे तारण आहे. मशीन गेलं तर मी काय करणार, सांग? या बोटांना दुसरं काही येत नाही. आईला काही बोलू नकोस.

तिच्या गुडघ्यांचं कळव. लोभ आहेच, राग आला तर तोही कळव.

तुझा,
दादा


ता. ११ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चादरींच्या घड्या घालता घालता वाचलं आणि चार चादरी उलट्या घातल्या. राग आलाय, कळवते. एवढं सगळं होईपर्यंत तू दर रविवारी फोनवर मजेत आहे, मजेत आहे म्हणत होतास. लहानपणी पाय मोडला तेव्हाही असंच म्हणत होतास आणि लंगडत शाळेत गेला होतास.

मला एकच विचारायचंय, खरं सांग. आईसाठी दर महिन्याला जे दोन हजार पाठवत होतास, ते तुझ्या कमाईचे होते की बँकेचे?

आईची तब्येत ठीक आहे. फोन आला की मी स्वयंपाकघरात का जाते, असं काल विचारत होती. मी म्हटलं, दूध उतू जातं. दूध गॅसवर नव्हतंच, पण तिने पुढे विचारलं नाही.

वहिनीला सांभाळ. छकुलीला पापा. लोभ आहेच, लपवाछपवी मात्र पुरे झाली.

तुझी,
धाकटी


ता. १९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खरं सांगतो. पहिल्या महिन्यापासून बँकेचेच होते. एकोणचाळीस महिने. आईला तू सांभाळतेस, मी दूर बसून निदान औषधांचं तरी बघावं, एवढंच मनात होतं. माझ्याकडे नाहीत हे तुला सांगायची लाज वाटली.

आता हे लक्ष देऊन वाच. त्या खात्यात आता पैसे जातात, पण निघत नाहीत. बँकेने उचल बंद केलीय. तुझ्या वहिनीचा पाळणाघरातला पगार त्याच खात्यात जमा होतो, पहिल्या तारखेला आला की त्याच क्षणी नाहीसा. खातं बदलायचा अर्ज दिलाय, ते म्हणतात दोन महिने लागतील. व्याज आणि दंड एवढे चढतात की पगार गिळूनही रक्कम आहे तिथेच राहते. छकुलीच्या चष्म्याची दांडी तुटली, ती मी मरून लोकरीने बांधून दिली. पोरगी हसतसुद्धा नाही आजकाल.

पण एक वाट दिसतेय. शाळेने चारशे हिरव्या स्वेटरांचं काम मला द्यायचं कबूल केलंय. माल वीस ऑगस्टला पोचवला की दोन लाख हातात. एकदाच सगळं फिटेल आणि मशीन वाचेल. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, गणवेश बदलल्याचं त्यांनाही वाईट वाटतंय. अडलंय ते लोकरीवर. दुकानदार पंचाहत्तर हजार रोख मोजल्याशिवाय एक लडी देणार नाही, उधारी त्याने कधीच बंद केलीय. जूनअखेर लोकर आली नाही तर काम वेळेत होणार नाही आणि ते गल्लीच्या टोकाच्या कारखान्याला जाईल. रोज सकाळी उठतो तो हाच हिशोब करत.

म्हणून हात पसरतोय. तुझ्याकडे काही असेल, कुणाकडून मिळत असेल, तर रोख घेऊन ये. मी गाडीभाडं देईन. पण काही झालं तरी खात्यात भरू नकोस.

लोभ असेल तर येच.

तुझा,
दादा


ता. १९ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघवली नाही, आणि आता गरजही नाही. बसलायस ना? नसलास तर बस.

दादा, मी तुझे पैसे कधी खर्चलेच नाहीत. इस्पितळात नोकरी असल्यामुळे आईची औषधं मला फुकट मिळतात, अगदी पहिल्या दिवसापासून. तुला सांगितलं असतं तर तू पाठवणं थांबवलं असतंस. मला वाटायचं, दादाचं बरं चाललंय, त्याच्याकडून येतायत तर छकुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकावेत आणि तिच्या अठराव्या वाढदिवशी तुझं तोंड बघावं. आमच्या कामगारांच्या पतपेढीत दर महिन्याला टाकत गेले. एकोणचाळीस महिन्यांचे अठ्ठ्याहत्तर हजार, वर व्याजाचे चार.

काल सगळे काढले. तुला चकित करायचं म्हणून फोन केला नाही. तुझा खाते क्रमांक तुझ्याच एका जुन्या पावतीवर सापडला. जेवणाच्या सुट्टीत धावत बँकेत गेले, पंचवीस माणसांच्या रांगेत उभी राहिले आणि सगळे ब्याऐंशी हजार तुझ्या खात्यात भरले! रोखपालाने दोनदा मोजले, मी तिसऱ्यांदा मोजायला लावले. पावती सोबत जोडलीय. परत येताना मुकादमबाईंनी उशीर झाला म्हणून सुनावलं, तरी मी हसत होते. बाई म्हणाल्या, हिला काहीतरी झालंय.

निम्म्याहून जास्त फिटलं. उरलेलंही बघू. आता छकुलीला हसव.

लोभ आहे, आज तर फारच आहे.

तुझी,
धाकटी


ता. २४ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेलच.

तुझी पावती घेऊन बँकेत गेलो. अधिकाऱ्याला म्हटलं, हे बहिणीने चुकून भरलेत, पंचाहत्तर तरी परत द्या, दोन महिन्यांत सगळं फेडतो. शाळेचं पत्र दाखवलं. तो माणूस वाईट नाही, पाणी दिलं. पण म्हणाला, जमा झालं ते झालं. वर म्हणाला, तुमची बहीण फार चांगली आहे. मी जिन्यावर बसून राहिलो, रखवालदाराने उठवेपर्यंत.

तुझा राग आलाय. दोन दिवस तो कुणावर काढावा तेच कळत नाहीये. तू एक शब्द बोलली असतीस! मी एक शब्द बोललो असतो! एवढंच डोक्यात घोळतंय.

दादा


ता. २८ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं १९ तारखेचं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले. पतपेढीत गेले, मुकादमबाईंकडे गेले, शेजारणीकडे गेले. सगळं मिळून नऊ हजार होतात. नऊ हजारांत तुझी लोकर येत नाही, हे मला कळतं.

आईला सगळं कळलंय. मी रडत होते, लपवणार तरी काय? तिने पदराने माझे डोळे पुसले. मग म्हणाली, मला विचारलं असतं कुणी, तर मी दोघांच्याही मुस्काटात मारली असती आणि लोकर केव्हाच आली असती. माझ्या नावाने तुम्ही दोघं एकमेकांना फसवत होतात, असंही म्हणाली.

दादा, शिव्या दे, पण पत्र लिही. मला जेवण जात नाही.

तुझी,
धाकटी


ता. ४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दोन महिने लिहिलं नाही, माफ कर. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

ओव्हरड्राफ्ट फिटला. तुझे ब्याऐंशी हजार गेल्यावर अठ्ठावन्न उरले होते. वहिनीचे पगार व्याज आणि दंडात गेले. जप्तीची वाट बघण्यापेक्षा बँकेला विचारून मशीन मीच विकलं, कारखान्याच्या मालकाला, साठ हजारांना. वरचे दोन हजार घरभाड्यात गेले. खातं शून्यावर आलं. अधिकाऱ्याने अभिनंदन केलं, मी आभार मानले.

चारशे हिरव्या स्वेटरांचं काम कारखान्याला मिळालं, पण वीस ऑगस्टची तारीख त्यांनाही गाठता आली नाही. मालकाकडे मशीन आलं, पण चालवणारा नव्हता. आता सकाळी आठला मी तिथे जातो आणि माझ्याच मशीनवर रोजंदारीने तेच स्वेटर विणतो. डावीकडची तिसरी सुई अडते, ती कशी सोडवायची ते फक्त मला माहीत आहे. पहिल्या दिवशी मालक बघत उभा होता, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. घरी समोरची खोली रिकामी झालीय. छकुली तिथे अभ्यासाला बसत नाही.

मशीन जायच्या आदल्या दिवशी त्याच्यावर मरून लोकरीचा एक स्वेटर विणला, आईच्या मापाचा. वेगळा पाठवतोय. आईला सांग, मुस्काटात मारायचं तर हात या स्वेटरच्या बाह्यांत घालूनच मार.

तुझ्यावर राग नाही. होता, तो सुया मोजता मोजता कधी गेला कळलं नाही. तू जेवत जा.

पाकिटात तीनशे आहेत. माझ्या पहिल्या मजुरीतले, कुणाचे उसने नाहीत. आईला आणि तुला जे हवं ते घ्या, खा, फिरून या. पण धाकटे, हे खर्च कर. खर्च केल्याचं पत्रात लिही, काय घेतलंस तेही लिही. एकोणचाळीस महिन्यांत मी आईला पाठवलेले हे पहिले पैसे आहेत.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि उत्तर लगेच दे.

तुझा,
दादा