नाल्यापलीकडची शीर

९ फेब्रुवारी
आज पुन्हा भांडण. मामाशी नाही, तिच्याशी. नमुन्यांच्या शेडमध्ये ती ड्रिलमधून निघालेले दगडाचे दांडे करवतीवर उभे चिरत होती. भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ. मी म्हटलं, सोन्याची शीर संपलेली नाही, तुटून सरकलीय. तिने मानही वर केली नाही. "संपलीय. कॉलेज अर्ध्यात सोडलं नसतंत तर कळलं असतं, अर्धे साहेब."
सगळी शेड हसली. माझे कान तापले.
तरी भुवया छान दिसत होत्या.

१० फेब्रुवारी
डोकं थंड झालंय. नीट लिहून काढतो, म्हणजे मामापुढे ततपप होणार नाही.
टेकडीवरून पांढऱ्या क्वार्ट्झची शीर उतरते. तिच्यात सोनं आहे, यावर वाद नाही. शुभ्र, देखण्या दगडात नाही — जिथे तो गंजकट, भोकाभोकांचा आहे तिथे. जुन्या लोकांनी तिच्या मागोमाग हाताने चर खणला. नाल्यापाशी शीर गायब! ते गेले. मग एक मोठी कंपनी आली, तिने पलीकडच्या काठावर पूर्वेला भोकं पाडली, काही मिळालं नाही, तीही गेली. पूर्वेलाच का? कारण तिकडे गाडी जाते. बस्स, एवढंच कारण.
आता मामाची कंपनी. पैसे उरलेत ते एकाच भोकापुरते. ते वाया गेलं की तंबू गुंडाळायचे.
नाल्यात खडक फाटून सरकलाय. आणि तुटण्याआधी शीर पश्चिमेकडे वाकलीय, कुणी ओढत नेल्यासारखी. जिकडे वाकली तिकडेच गेली असणार. इतकं साधं आहे!

१३ फेब्रुवारी
मामाने ऐकून घेतलं. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.
"आणि चुकलास तर?"
"तर परत कॉलेजला जाईन."
"ही धमकी की वचन?" ड्रिलर फिस्सकन हसला.
भोक पश्चिमेला. ठरलं.
धावत तिला सांगायला गेलो. तिने करवत बंद केली. "तू फार हट्टी आहेस," एवढंच म्हणाली. साहेब गेला, तू आला. मला पुरेसं आहे.

२१ फेब्रुवारी
खडक, खडक, नुसता खडक. तिने विचारलं, कुठवर पोचलात? कालही विचारलं होतं. हिला माझ्या कामात रस आहे — किंवा माझ्यात. शीर लागू दे, सरळ लग्नाचं विचारून टाकतो.

२५ फेब्रुवारी
लागली.

२६ फेब्रुवारी
काल लिहवेना. दांड्यावर पाणी मारलं — गंजकट क्वार्ट्झ, आणि भिंगाशिवाय दिसणारा पिवळा ठिपका! ड्रिलरने मला उचलूनच घेतलं. मामा म्हणाला, "गाढवा," आणि पाठीवरचा हात काढलाच नाही. दांडा चिरताना तिची करवत पहिल्यांदाच तिरकी गेली. आनंदाने, दुसरं काय.
विचारायचं राहिलं. आधी प्रयोगशाळेचा निकाल येऊ दे.

८ मार्च
निकाल उत्तम! मामाने नकाशावर पट्टी ठेवून शीर पुढे ओढली. पेन्सिल एका चौकोनावरून गेली. तिचं घर. ती आणि तिचे वडील राहतात ते.
"घर हलवता येतं," मामा म्हणाला, "शीर नाही हलवता येत."
मी पट्टी पुन्हा ठेवून पाहिली; रेघ तिथूनच. पण त्यात काय? कंपनी नवं बांधून देईल, पक्कं, मोठं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा उद्या मीच सांगतो. आणि त्याच दमात ते दुसरंही विचारतो.

९ मार्च
सांगितलं. ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "विहीर खणताना आमच्या अंगणात हाच दगड लागला होता. बाबांनी अंधार पडायच्या आत विहीर बुजवली. तुम्ही लोक कुठवर आलात ते कळावं म्हणून मी शेडमध्ये नोकरी धरली. शीर संपलीय, संपलीय म्हणून तुझ्याशी रोज भांडले, कारण तू एकटाच बरोबर होतास."