तिसरी खुर्ची

वीझेनताल, ऑगस्टअखेर, रविवार, जेवणानंतर

आदरणीय वडीलबंधू कॉर्नेलियसदादा यांस,

धाकटा आब्राम याचा प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. आम्ही उभयता देवकृपेने ठणठणीत आहोत (सुसान्नाचा डावा गुडघा सोडून, पण तो तिचा जुना दुश्मन आहे, त्याची खुशाली कोण विचारतो). तुम्ही आणि मार्गारेटावहिनी तिकडे जर्मनीत सुखरूप असाल अशी आशा आहे. तुमच्या छातीतली घरघर कशी आहे? तिकडच्या डॉक्टरांच्या मते ती दमट हवेमुळे आहे, असं वहिनींनी कळवलं होतं. इथे होतात तेव्हा ती कोळशाच्या धुरामुळे होती. देश बदलला तरी घरघर तीच, फक्त कारण नवं मिळालं. असो. औषध वेळेवर घ्यावं आणि मफलर न लाजता बांधावा.

तुमचं पत्र पोचलं. प्रार्थनामंदिराला कुलूप लाव, किल्ली त्या कोंबडीखाद्यवाल्या गिऱ्हाइकाला दे आणि ऑक्टोबरच्या आत दोघं निघून या, अशी तुमची आज्ञा आहे. तुमची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही, आताही मोडत नाही. तयारी जवळजवळ झालीच आहे म्हणा ना. तुम्ही पाठवलेली चाकांची मोठी बॅगही वापरात आहे. थोडा उशीर होतोय तो का, एवढंच सांगण्यासाठी हे चार ओळींचं पत्र.

त्याचं असं झालं की मार्चमध्ये इसाक पेनरही तिकडे जर्मनीला गेला. आपल्यातला उपदेशाला उभा राहणारा असा तो शेवटचाच. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून त्याने माझ्या हातात किल्ली कोंबली आणि म्हणाला, "आब्राम, इमारत विकेपर्यंत भट्टी पेटती ठेव, नाहीतर पाइप फुटतील." एवढाच त्याचा निरोप. मंडळीच्या आत्म्यांविषयी चकार शब्द नाही, फक्त पाइप. मी म्हटलं बरं. भट्टी तर मी जन्मभर पेटवत आलो. पुढच्या रविवारी सवयीने कोळसा भरला, राख काढली, आणि मागे वळून बघतो तर बाकांवर माणसं येऊन बसलेली! क्लावदियामावशी, सुसान्ना, पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या, अशी मूठभर. समोर व्यासपीठावर उपदेशकांच्या तीन खुर्च्या, तिन्ही रिकाम्या. आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघताहेत. मावशी म्हणाल्या, "आब्राम, सुरू कर." मी म्हटलं, "मावशी, कधीचीच सुरू आहे, हात शेकून बघा." त्या म्हणाल्या, "भट्टी नाही रे बाबा. उपदेश!"

दादा, तुम्हाला आईचं म्हणणं आठवत असेल. देवाने कॉर्नेलियसला जीभ दिली आणि आब्रामला पाना. मी त्यावर कधी रुसलो नाही. तुम्ही नाताळात खुर्चीवर उभे राहून कविता म्हणायचात तेव्हा मी खाली खुर्चीचा डगमगणारा पाय धरून बसायचो, आणि मला वाटायचं, आपल्याशिवाय कविता पडली असती. तेव्हा उपदेश म्हटल्यावर मी राखेचं फावडं आणखी घट्ट धरलं. मी म्हटलं, आज एकच छोटा करतो. तर मावशी उसळल्या, "एक? एकासाठी एवढा चिखल तुडवत आले मी? उपासनेत तीन उपदेश असतात. पहिला, दुसरा, तिसरा. माझ्या तरुणपणी, पोलीस उपदेशकांना पकडून न्यायचे त्या दिवसांतही तीनच व्हायचे. तू काय त्यांच्यापेक्षा जास्त त्रास देणार आहेस?"

मग काय करणार! पहिल्या खुर्चीवर बसलो, उठलो, आणि लाजाराची गोष्ट सांगितली. चार दिवस थडग्यात असलेला माणूस उठून बाहेर येतो, तर हिवाळाभर उघड्यावर पडलेला आपल्या सामुदायिक शेतावरचा जुना ट्रॅक्टर का नाही उठणार, असं काहीतरी बोललो. (तो खरंच उठला होता. डिझेलची टाकी मी रात्रभर गोधडीत गुंडाळली होती. तेही सांगितलं. सांगायला नको होतं, कारण त्यामुळे श्रेय गोधडीला गेलं.) गाणं झालं. दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसलो, परत उठलो. आणि दादा, एवढी वर्षं कानावर पडलेली रीत जिभेवर आपोआप आली. उठल्याबरोबर मी म्हणालो, "बंधुभगिनींनो, माझ्या आधी बोललेल्या भावाने किती सुंदर सांगितलं!" सुसान्नाने डोक्यावरचा रुमाल नाकापर्यंत ओढला. मावशी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "आमेन." तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तर मला आधीच्या दोन्ही भावांविषयी बरंच काही वाटायला लागलं होतं. लाजाराच्या बहिणीकडे, मार्थेकडे, दोघांचंही दुर्लक्ष झालं होतं, ते मी सौम्य शब्दांत निदर्शनास आणून दिलं. तिसरी खुर्ची तुमची, म्हणून तिसरा उपदेश मी तिच्यावर न बसता केला, हे इथेच नमूद करतो.

असे काही रविवार गेले. सुसान्ना म्हणायची की पहिला भाऊ बरा बोलतो, दुसरा रटाळ आहे आणि तिसऱ्याने लवकर आवरावं. मग मे महिन्यात आमचे जर्मनीत राहायला जायचे कागद आले. मला वाटलं होतं आनंद होईल. त्या रविवारी उपदेशाला उभा राहिलो. समोरचे रिकामे बाक मी एकेक करून ओळखत होतो, हा पेनरांचा, हा आपला, इथे आई बसायची. आणि एकदम मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. मी म्हणालो, "मला माफ करा, मला उपदेश येत नाही. देवाशी ज्यांचं बोलणं व्हायचं ते सगळे जर्मनीला गेले. त्यांच्यामागोमाग तोही गेला असेल तर? आपण इथे कोणासाठी भट्टी पेटवतोय?" असलं भयंकर वाक्य आपल्या प्रार्थनामंदिरात कोणी बोललं नसेल.

तेव्हा मागून बुरुलआपा बोलल्या. शेजारच्या बुरुलआपा तुम्हाला आठवतात ना, मेंढ्यावाल्या? त्यांची मुलं रशियात कामाला गेल्यापासून त्या दर रविवारी येऊन भट्टीपाशी बसतात. (पहिल्या दिवशीच त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मी तुमच्यातली नाही हं, पण तुमची भट्टी माझ्या घरच्यापेक्षा चांगली आहे.") तर आपा मोजे विणता विणता मान वर न करता म्हणाल्या, "आब्राम, तुला कागद कशावर मिळाले?" मी म्हटलं, "आपा, आजी जर्मन होती त्यावर." त्या म्हणाल्या, "मग तुझ्या देवाची आजी जर्मन होती का?" मी म्हटलं, "नाही, आपा." त्या म्हणाल्या, "मग त्याला कोण सोडतंय तिकडे! तो कुठे जात नाही. इथेच बसलाय आमच्यासारखा. उगाच रडू नकोस, पुढचं सांग."

दादा, आपलं प्रार्थनामंदिर हसलं. क्लावदियामावशी हसता हसता बाकावरून घसरल्या, आणि मी व्यासपीठावर उभा राहून, उपदेशाचं टेबल दोन्ही हातांनी धरून, पोट दुखेपर्यंत हसलो. आणि हसू ओसरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतोय, आणि मला सांगायला काहीतरी आहे. गव्हाणीत जन्मलेल्या, कागद नसलेल्या, परक्या मुलखात पळून जावं लागलेल्या त्या बाळाविषयी मी बोलत राहिलो. तो ज्यांना जाता येत नाही त्यांच्यात येऊन राहिला, एवढंच सांगत होतो, पण ते मी स्वतःच पहिल्यांदा ऐकत होतो. एवढी वर्षं तुमचे उपदेश ऐकले, ते सगळे खरे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तुमचा राग येणार नाही ना? घरी परतताना सुसान्ना गुडघ्याविषयी एक शब्द बोलली नाही. फाटकापाशी फक्त म्हणाली, "आज तिन्ही भाऊ बरे होते."

आता दुसऱ्या खुर्चीचं सांगतो, कारण ती भरली. एसेनकुल आठवतो? लग्नांत लोकांना बोलतं करणारा, एकेकाला उभं करून नवरा-नवरीला शुभेच्छा द्यायला लावणारा, तो दणदणीत आवाजाचा? तो जूनमध्ये भाचीच्या लग्नासाठी आपले बाक उसने न्यायला आला आणि उपदेश संपेपर्यंत दारात थांबला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आब्रामभाऊ, माल अस्सल आहे, पण तुम्ही तो चोरीच्या मेंढ्या विकायला आल्यासारखा विकता. मान वर करा! हात खिशातून काढा!" पुढच्या रविवारी बाक परत करायला आला आणि पहिल्या रांगेत बसून मला हातवारे करून शिकवत राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी परत करायला काहीच नव्हतं, तरी आला. एकदा भट्टीतली हिवाळ्याची उरलेली राख काढायला मदत करताना म्हणाला, "मी जन्मभर लोकांसाठी सुख मागत आलो, भाऊ. हजारो लग्नांत. पण मागतोय कोणाकडे, हे मला कधी कोणी विचारलंच नाही." आणि मग माझ्याकडे न बघता राखेची बादली घेऊन बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

जुलैत कालव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा द्यायला बिश्केकच्या मंडळीचे ज्येष्ठ बंधू आले होते. पाणी थेट बर्फाचं, त्या ज्येष्ठ बंधूंचे दात वाजत होते, आणि एसेनकुल पाण्यातून वर येताच लग्नात ओरडतो तसा ओरडला. पलीकडच्या काठावरच्या गाई उधळल्या. आता तो दुसरा उपदेश करतो. त्यात थोडी अडचण अशी की तो मधेच म्हणतो, "आता नोहाविषयी दोन शब्द बोलायला मी क्लावदियामावशींना विनंती करतो!" आणि मावशी बोलतात! थांबत नाहीत! शेवटी तो रिकामा उजवा हात, लग्नात शुभेच्छेचा पेला उंचावतात तसा, वर करतो, आणि सगळी मंडळी नकळत तसाच हात वर करून आमेन म्हणते. जुन्या भावांना हे रुचलं नसतं, पण हे तुम्ही एकदा पाहाच. मागचे बाक आता रिकामे नसतात. आपासुद्धा मोजे घरी ठेवून येतात, आणि उन्हाळ्यात तर भट्टीही नसते.

तर उशीर होतोय तो असा. बाकी सर्व क्षेम. मार्गारेटावहिनींना सलाम. पत्राचं उत्तर सावकाश दिलं तरी चालेल, पण त्या कोंबडीखाद्यवाल्याच्या खरेदीच्या कागदावर तुमची सही लागणार आहे, तीही सावकाशच करावी. हात थरथरतो असं काहीतरी कळवून टाका.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
आब्राम टेव्स

ता. क. सुसान्ना शिवणयंत्राच्या सुया मागते. जाड कापडाच्या. इथल्या मोडतात.

ता. क. दुसरा. चाकांची बॅग खरंच उत्तम आहे. एसेनकुल तीत गाण्यांची पुस्तकं भरून, ती घोड्यावर बांधून वरच्या कुरणावर मेंढपाळांकडे उपासनेला नेतो. चाकांपैकी एक डोंगरावर राहिलं. तेव्हा आम्ही तीत कपडे भरून येऊ, ही आशा तुम्ही सोडलेली बरी. आम्ही येत नाही, दादा. हे वर लिहायचं होतं, पण तिथे धीर झाला नाही. तुम्ही मफलर बांधून बसा आणि मग वाचा.

ता. क. तिसरा. मार्गारेटावहिनींनी सुसान्नाला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते मी वाचलं. तिकडच्या मोठ्या मंडळीत बोलणारे इतके आहेत की तुमची पाळीच येत नाही, तुम्ही शेवटच्या रांगेत बसता, आणि शनिवारी संध्याकाळी खिडकीसमोर उभे राहून पडद्याला उपदेश करता, असं त्या लिहितात. वहिनींवर रागावू नका. त्यांना रडू आलं म्हणून त्यांनी लिहिलं, आणि मला रडू आलं म्हणून मी लिहितोय. दादा, इथे तिसरी खुर्ची अजून रिकामी आहे. सुसान्ना तिच्यावर दर शनिवारी फडकं मारते. तिसरा उपदेश मी अजूनही उभ्यानेच करतो, पण माझ्याकडे दोन भावांपुरताच माल आहे, त्यातला एक आता एसेनकुलने उचलला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पिकांच्या उपकारस्तुतीची उपासना आहे. तिसरा उपदेश कॉर्नेलियस टेव्स करतील, असं मी आज मंडळीत जाहीर करून बसलो आहे. बुरुलआपांनी मेंढा बाजूला काढला. मावशी म्हणाल्या, तोवर मी मरत नाही. आता मला खोटं पाडायचं की नाही, ते तुमच्या हाती.

ता. क. शेवटचा. बोलायला उठलात की आधीच्या भावाविषयी दोन चांगले शब्द बोलायची रीत विसरू नका. त्या दिवशी एसेनकुल पहिला बोलेल. दुसरा मी आहे.