तुमसरचं घर पाहून आलो

चंद्रभागा,

आता मी खाणीतून रिटायर होतो, म्हणून चिखल्याचं क्वार्टर सोडा लागते. तुह्या तेरवीनंतर मी घर घ्याचं नावच काढलं नव्हतं. आज आपली लेक तृप्ती स्कुटीवर बसवून तुमसरले घेऊन गेली.

दलाल म्हणे, "काका, टाइल्स पाहा, रंग पाहा." पण मी तू सांगे तसंच केलं. खाली बसून भिंतीच्या बुडाले हात लावला, ओल नव्हती. बोअरचं पाणी पिऊन पाह्यलं, गोड आहे. मंग दलालाले तिथंच सोडून आम्ही शेजारी गेलो. घराचं खरं शेजारच्या बाईलेच माहीत असते, असं तू म्हणे.

त्या ललिताबाईनं सांगतलं, पावसात गल्लीत पाणी साचत नाही, उन्हाळ्यात बोअर आटत नाही. मंग म्हणे, "भाऊजी, सयपाकाची खोली बाईनं पाहा लागते. वहिनीले काहून नाही आणलं?"

"येते ना. मागून येते," मी बोलून गेलो.

स्कुटीवर मागं बसलो, तं तृप्तीची पाठ थरथरत होती. मी खांद्यावर हात ठेवला.

घर पक्कं केलं, चंद्रभागा. शेजारीण तुही वाट पाहून राहिली.

तुहाच,
नत्थू