बाबांच्या दुकानाचा निळा पडदा

कोहेइदादा,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही.

बाबा गेले तेव्हापासून त्यांचं उडोन-नूडल्सचं दुकान बंद आहे. भांडीसुद्धा तू विकून खाल्लीस. आणि आता साथीत रात्री लवकर बंद करणाऱ्या दुकानांना सरकार मदत देतंय म्हटल्यावर तोक्योहून गुपचूप आलास, दारावर बाबांचा निळा पडदा लावलास, ‘साथीमुळे आठला बंद’ अशी पाटी चिकटवलीस, फोटो काढलास आणि पळालास. मेलेल्या दुकानाला मदत! शी! हे सगळं पाहणाऱ्या शेजारच्या शिगेनोबाईंचं चालतं दुकान बुडालं, त्यांचा अर्ज अजून पडून आहे.

पण घाईत पडदा काढायला विसरलास. पडदा बाहेर म्हणजे दुकान उघडं, हे आता मी तुला शिकवायचं?

दुपारी पाहते तर थंडीत दाराशी इनागाकी आजोबा, बाबांचं रोजचं गिऱ्हाईक. मास्कमधून म्हणाले, “चिझुरू, पोरी, पुन्हा सुरू केलंत? बरं केलंत. सावकाश होऊ दे, पाणी उकळेपर्यंत थांबतो मी.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आज सामान नाही आजोबा, उद्या या.”

ते वाकून नमस्कार करून गेले. जाताना पडद्यापुढेही वाकले.

मी पडदा काढून धुतला. तुझे हात लागलेत म्हणून दोनदा धुतला. उद्या पुन्हा लावणार आहे, पण आधी घरचं पातेलं आणून आत चूल पेटवून.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्यावर तिकीट कशाला वाया घालवू? तेवढ्या पैशात आजोबांच्या वाडग्यात कांद्याची पात येईल.

तुझी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
चिझुरू