दिव्यावरची खडूची रेघ

नाना, परवा कॉलेजचं जुनं गेट उतरवलं. तुम्ही केलेलं. दोन्ही पल्ले आता जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेत, आणि प्रत्येकावर अर्धा अर्धा दिवा आहे. उतरवायला आलेला फॅब्रिकेटर मला म्हणाला, "मॅडम, लई इमानी काम हाय हे. कणसाचा एकेक दाणा म्हणजे बेअरिंगचा छर्रा हाय, हात फिरवून बघा. कुणाचं हाय हो?" मी हात फिरवला आणि म्हणाले, "उन्हात उभे राहू नका, आधी चहा घ्या." तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा माझ्या तोंडाने सांगायचं आहे. तेव्हा मी त्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, मांजरसुंब्याहून सकाळच्या एसटीने जायचे. स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात वडील काय करतात ते विचारून घ्यायचे. कुणाचे वडील संस्थाचालकांच्या जवळचे, कुणाचे मामा सभापती. मी सांगितलं, "हायवेला व्यवसाय आहे." खोटं नव्हतं. फाट्यावर ढाब्यांच्या रांगेच्या शेवटी तुमचं वेल्डिंगचं दुकान होतं, ट्रॅक्टरच्या मोडक्या ट्रॉल्या तिथे यायच्या. शेजारच्या ढाब्यावर जेवायला थांबलेल्या आमच्या प्राचार्यांनी तुम्ही केलेलं एक गेट पाहिलं आणि कॉलेजच्या गेटचं काम तुम्हाला दिलं. हा मिस्त्री कुणाचा बाप आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन तुम्ही केवढ्या आनंदाने सांगितलंत, आणि मी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाले, "नाना, तिथं मला ओळख देऊ नका. परमनंटचा इंटरव्ह्यू जवळ आलाय." तुम्ही हात धूत होतात. "कावून?" एवढंच विचारलंत. तव्यावरची भाकरी करपली. मग तुम्हीच म्हणालात, "बरं. मिस्त्री म्हणून येतो, मिस्त्री म्हणून जातो."

विद्यापीठाचं बोधचिन्ह त्यांनी तुम्हाला दिलं ते एका लिफाफ्याच्या कोपऱ्यातलं, अंगठ्याएवढं. ते दोन हात उंच करायचं होतं. एरवी तुम्ही सगळी मापं दुकानातल्या जमिनीवर खडूने काढायचात. हे मात्र पत्र्यावर काढलंत, आणि पत्रा बाजेवर ठेवलात. "पुस्तक हाय त्यात. पाय लागंल." मग कुठला भाग कशाचा, ते मला विचारत बसलात. कळल्याशिवाय लोखंडाला हात लावणार नव्हतात. मी कॉलेजच्या डायरीतून वाचून दाखवलं: मधला दिवा ज्ञानाचा, त्याखाली उघडं पुस्तक, दोन्ही बाजूंची ज्वारीची कणसं म्हणजे इथल्या माणसाचे कष्ट, आणि तळाला गोदावरीच्या लाटा.

"गोदावरी गेवराईच्या अंगाला. आपल्याकडं कवा आली?"

"चित्र आहे ते, नाना."

"बरं, चित्रात तर येऊ दे."

कणसांपाशी मात्र अडलात. लिफाफा डोळ्यांजवळ धरून म्हणालात, "ही ज्वारी न्हाई. ह्या गव्हाच्या ओंब्या हायेत. काढणारानं ज्वारी पाह्यली न्हाई कधी." मी वैतागून म्हणाले, आहे तसंच करा, कोण बघतंय. तुम्ही ट्रकच्या जुन्या बेअरिंगांतले छर्रे काढलेत, रॉकेलमध्ये धुतलेत, आणि दाणा दाणा चिकटवून भरगच्च कणसं केलीत. ज्योत ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्यातून ठोकून काढलीत. त्या दिवसांत आपल्या घराला रॉकेलचा वास होता, आणि तुम्ही जेवताना गप्प असायचात, पण खूश असायचात. मला ते दिसत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

गेट बसवलं त्या दिवशी अख्खा स्टाफ बघायला आला. उजव्या पल्ल्यावर पूर्ण बोधचिन्ह, डाव्यावर नुसते गज. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे काय केलं? मधोमध सांगितलं होतं ना. अर्धं इकडं, अर्धं तिकडं." तुम्ही हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणालात, "साहेब, मधी घेतलं तर गेट उघडलं की दिवा चिरतो. रोज सकाळी लेकरं चिरलेल्या दिव्यातून आत यायची. बरं न्हाई ते. एका अंगाला हाय, पर आख्खं हाय." मागून कुणीतरी म्हणालं, "आता मिस्त्री आपल्याला विद्यापीठ शिकवणार," आणि सगळे हसले. प्राचार्य माझ्याकडे वळले. फळ्यावर माझ्या आकृत्या सरळ येतात हे त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, यांना जरा मध्य काढून द्या."

माझ्याकडे खडू नाही. तुम्ही तुमच्या खिशातला काढून माझ्यापुढे धरता. ज्योतीच्या टोकापासून, पुस्तकाच्या मधून, खाली लाटांपर्यंत मी रेघ ओढते आणि म्हणते, "मिस्त्री, इथून कापा." आवाज माझाच आहे, वर्गातला. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. काळा चष्मा डोळ्यांवर ओढता. "बरं, मॅडम." ग्राइंडर सुरू होतो, ठिणग्या माझ्या चपलांपर्यंत येतात, आणि मी दोन पावलं मागे सरते.

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही एकच वाक्य बोललात. "रेघ सरळ काढलीस." ते कौतुक होतं की दुखणं, मी इतकी वर्षं ठरवू शकले नाही. रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. पुढे परमनंटची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तुम्ही पेढे घेऊन आलात आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी उभे राहिलात. मी खिडकीतून पाहिलं. तास संपवून येते, असं मनाशी म्हटलं. गेले तोवर तुम्ही नव्हतात. टपरीवाल्याने पुडा दिला. "गेटवाल्या मिस्त्रीनं दिलाय. मॅडमला द्या म्हणला, पोटात काय तरी गोड जाऊ द्या." मी ते पेढे स्टाफरूममध्ये वाटले. कुठले, असं विचारलं तर म्हणाले, घरचे. एवढंच खरं बोलले त्या दिवशी.

यंदा विद्यापीठातून बोधचिन्हाच्या योग्य वापराची पुस्तिका आली आहे. चांगल्या कागदाची, रंगीत. कॉलेजातली आता मीच जुनी, म्हणून हे काम माझ्याकडे. स्टाफच्या बैठकीत मी नियम वाचून दाखवत होते. चिन्ह ताणू नये, रंग बदलू नये, त्यावर अक्षरं घालू नयेत. जिथे पाय लागेल तिथे, जमिनीवर किंवा पायपुसण्यावर काढू नये. इथे मी चष्मा काढून पुसला. पुढचा नियम: चिन्ह कुठल्याही कारणाने दोन भागांत विभागू नये. चित्रही त्यांनी नव्याने काढून घेतलं आहे, नाना. कणसं आता गोल दाण्यांची आहेत.

एक नवा प्राध्यापक म्हणाला, "मग आपल्या गेटचं काय? रोज उघडलं की दोन तुकडे. कोण अडाणी हे करून गेला?" सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, "जुनं काम आहे. फाट्यावरचा कुणीतरी मिस्त्री होता."

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला ओळख दिली नाही. आता तर माझी चूकही तुमच्या नावावर टाकली आणि पान उलटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पाठवायचा आहे तो पुस्तिकेसोबत आलेला फॉर्म, उद्या दुपारपर्यंत. जुनं चिन्ह काढताना त्याची नोंद मागितली आहे: माप, धातू, फोटो, कारागिराचं नाव, आणि मूळ रचना बदलली असल्यास कुणाच्या सांगण्यावरून. त्या शेवटच्या रकान्यात प्राचार्यांचं नाव घालता आलं असतं, कुणी शंकाही घेतली नसती. पण रेघ मी ओढली होती. तिथे मी माझं नाव लिहिलं. कारागिराच्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव लिहिलं. लग्नानंतर ते माझ्या नावामधून गेलं, त्यानंतर पहिल्यांदाच लिहीत असेन. त्यापुढे "माझे वडील" असं लिहिलं आणि बराच वेळ बघत बसले.

तुमच्याशी आता तरी खोटं बोलायला नको. दोन्ही रकाने मी पेन्सिलीने भरलेत.